अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटलीय: दही कधी, किती आणि कशासाठी

खाज सुटलीय, आतल्या कपड्याला घट्ट पांढरं लागतंय, आणि जाऊबाईंनी सांगितलंय, "रोज वाटीभर दही खा, आपोआप बसेल." सोलापुरात हा सल्ला मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांपासून कॉलेजच्या होस्टेलपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. दही खाण्यात वाईट काही नाही. चुकतं ते एवढंच, की दह्यावर भरवसा ठेवून बायका दोन-दोन महिने अंगावर काढतात आणि साध्या औषधाने आठवड्यात जाणारं दुखणं चिघळतं. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. दही चौथ्या पायरीवर येतं.

पायरी पहिली: हे यीस्टच आहे का?

यीस्ट इन्फेक्शन म्हणजे कँडिडा नावाच्या बुरशीची वाढ. बहुतेक वेळा ती कँडिडा अल्बिकन्स या जातीची असते. ही बुरशी थोड्या प्रमाणात अनेक निरोगी बायकांच्या योनीमार्गात असतेच आणि काही त्रास देत नाही. अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण, वाढलेली साखर, कमी झालेली प्रतिकारशक्ती अशा कारणांनी ती एकदम माजते, तेव्हा त्रास सुरू होतो.

मुख्य खूण खाज. तीही अशी, की चारचौघांत बसवत नाही. जागा लाल होते, सुजते, कधी बारीक चिरा पडतात आणि त्यावरून लघवी गेली की चरचरतं. स्राव घट्ट, फाटलेल्या दुधासारखा, गुठळ्या-गुठळ्यांचा. त्याला वास जवळजवळ नसतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्रास वाढतो आणि पाळी आली की थोडा कमी होतो, असंही पुष्कळदा दिसतं.

स्राव पातळ, करडा-पांढरा आणि मासळीसारख्या वासाचा असेल, विशेषतः संबंधानंतर वास वाढत असेल, तर ते बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडणं. पिवळा-हिरवा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, हा संबंधातून पसरणारा परजीवी. या दोन्हींची औषधं वेगळी, आणि ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. दोन पाळ्यांच्या मधोमध अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार येणारा स्राव जातो, खाज नसते, तो तर निव्वळ नैसर्गिक आहे. पांढरं जाण्याने हाडं झिजतात हा समजही मनातून काढून टाका. हाडांचा आणि त्याचा काही संबंध नाही.

स्वतःच निदान करणं वाटतं तितकं सोपं नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, "मला यीस्टच झालंय" असं ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ बायकांची तपासणी केली. त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश बायकांना फक्त यीस्ट होतं. बाकीच्यांना दुसरं काहीतरी, किंवा दोन आजार एकत्र, किंवा काहीच नव्हतं.

पायरी दुसरी: एकदा दाखवून घ्या

पहिल्यांदाच असा त्रास होत असेल तर दाखवणं टाळू नका. गरोदर असाल, मधुमेह असेल, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल, फोड-जखमा दिसत असतील, तर त्याच दिवशी जा. पाळी कायमची गेलेल्या बाईला यीस्ट सहसा होत नाही, कारण या बुरशीला वाढायला इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा आधार लागतो. त्या वयात खाज सुटली तर बहुधा कोरडेपणा किंवा कातडीचा आजार निघतो. आणि पाळी गेल्यानंतर लालसर, गुलाबी स्राव दिसला तर गर्भाशयाचा नि गर्भाशयमुखाचा कॅन्सर नाही ना, हे तपासावंच लागतं. तिथे दही, घरगुती काढे, ओळखीच्या मेडिकलमधली गोळी, काहीच करत बसू नका.

सिव्हिलला स्त्रीरोग ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी असलेल्या सुरक्षा क्लिनिकमध्येही या तक्रारी बघतात. तिथे स्राव जाण्याच्या तक्रारीवर जे हिरवं पाकीट मिळतं ते किट नंबर २. त्यात सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे वरच्या तिन्ही आजारांवर एकदम मारा. हे मोफत असतं.

जाण्याआधी दोन दिवस आत गोळी, क्रीम, दही काही घालू नका आणि आदल्या रात्री संबंध ठेवू नका. सकाळी अंघोळ बेलाशक करा, फक्त आतून धुऊ नका. डॉक्टर कापसाच्या काडीने स्राव घेतात, पट्टीवर आम्लता बघतात, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. कँडिडा असेल तर बुरशीचे धागे आणि कळ्या तिथेच दिसतात. लाजून "थोडं पांढरं जातं" एवढंच सांगू नका. रंग, वास, खाज, किती दिवस, आधी कुठली औषधं घेतली, हे सगळं सांगा.

पायरी तिसरी: औषध पूर्ण घ्या

साध्या यीस्टला दोनपैकी एक उपाय पुरतो. क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी: ५०० मिलिग्रॅमची एकच, किंवा २०० ची तीन रात्री, किंवा १०० ची सहा रात्री. नाहीतर तोंडाने फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, एकदाच. गरोदरपणात फ्लुकोनॅझोल तोंडाने घेत नाहीत. तेव्हा आतली गोळी किंवा क्रीमच वापरतात, साधारण सात दिवस. रक्त पातळ करण्याची किंवा हृदयाचे ठोके नियमित ठेवण्याची गोळी चालू असेल तर फ्लुकोनॅझोलआधी डॉक्टरांना सांगा.

आतली गोळी रात्री झोपतानाच ठेवा. पाठीवर झोपून गुडघे वर घ्यायचे आणि गोळी जाईल तितकी आत सरकवायची. वरवर ठेवली तर विरघळत नाही आणि सकाळी तशीच बाहेर येते. "औषध लागलंच नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. सकाळी खडूसारखं पांढरं बाहेर पडलं तर घाबरू नका, ते औषधाचं उरलेलं असतं. या दिवसांत कंडोमवर विसंबू नका, काही क्रीममधल्या तेलाने रबर कमकुवत होतं.

दोन-तीन दिवसांत खाज उतरायला लागते, आठवड्यात बहुतेक सगळं शांत होतं. आठवडा उलटूनही फरक नसेल तर तीच गोळी पुन्हा घेण्याऐवजी परत दाखवा, कारण बहुधा निदान तरी चुकलंय नाहीतर बुरशीची जात तरी वेगळी आहे.

मेडिकलमध्ये "खाजेचं मलम द्या" म्हटलं की हातात पडणाऱ्या मिश्र ट्यूबपासून मात्र जपा. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. दोन दिवसांत खाज जाते, बरं वाटतं, पण आत बुरशी पसरत राहते आणि तिथली नाजूक कातडी पातळ होत जाते. अशी ट्यूब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वापरू नका.

पायरी चौथी: आता दही

आधी दही काय करू शकतं ते नीट समजून घ्या. निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू असतात, विशेषतः क्रिस्पॅटस नावाचे. ते तिथली आम्लता ३.८ ते ४.५ पीएचच्या (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) आसपास राखतात. दह्यातही लॅक्टोबॅसिलस असतात, म्हणून लोकांना वाटतं की दही खाल्लं की तेच जिवाणू खाली पोचतात. पण डब्यातल्या योगर्टमध्ये प्रामुख्याने बल्गेरिकस आणि थर्मोफिलस हे जिवाणू असतात. नावात थोडं साम्य, जात वेगळी, आणि ते योनीमार्गात मुक्काम करत नाहीत. घरच्या दह्यात कुठले जिवाणू आहेत हे तर विरजणावर ठरतं, प्रत्येक घरी वेगळं.

"दही आंबट, त्याने बुरशी मरते" हाही हिशेब जमत नाही. कँडिडाचा संसर्ग झालेल्या बहुतेक बायकांची योनीतली आम्लता नेहमीसारखीच असते. आम्लता बिघडते ती बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये. ही बुरशी आंबट वातावरणात आरामात वाढते.

मग दह्याची एवढी कीर्ती कुठून? न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली एक छोटा अभ्यास झाला. वारंवार यीस्ट होणाऱ्या बायकांना अ‍ॅसिडोफिलस जिवाणू असलेलं योगर्ट रोज सुमारे पाव किलो, सहा महिने खायला दिलं. त्या काळात त्यांचे संसर्ग बरेच कमी झाले. पण ३३ पैकी फक्त १३ बायकांनी अभ्यास शेवटपर्यंत पाळला. उलट २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात २७८ बायकांवर झालेल्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर होणारा यीस्टचा त्रास लॅक्टोबॅसिलसने टळला नाही, तोंडाने घेऊनही नाही आणि आत ठेवूनही नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात औषधाला प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणूंची, जोड दिल्यावर सुरुवातीच्या महिन्यात थोडा फायदा दिसला, पुढे टिकला नाही, आणि पुरावाही कच्चाच ठरला. म्हणून औषधासोबत आणि नंतर दही जरूर खा, पण औषधाच्या जागी दही नको.

खायचं तर असं खा. रोज एक ते दीड वाटी, म्हणजे १५० ते २०० ग्रॅम, ताजं, साखर न घालता. दुपारच्या जेवणात कडक भाकरीसोबत शेंगाचटणीत कालवून किंवा धपाट्याला लावून, हे सोलापूरकरांना वेगळं शिकवायला नको. कढीतलं दही यात धरू नका, उकळलं की जिवाणू मेले. श्रीखंडात साखरच जास्त. पाकिटबंद ताकापैकी जे महिनोन्‌महिने फ्रिजबाहेर टिकतं ते उष्णता देऊन टिकवलेलं असतं, त्यात जिवंत काही राहत नाही. विकतचं दही घेताना पाकिटावर जिवंत कल्चर किंवा प्रोबायोटिक असल्याचं लिहिलंय का बघा. फळांचं, गोड योगर्ट टाळा.

घरी लावताना अर्धा लिटर दूध उकळून बोट बुडवून दहा मोजेपर्यंत सोसवेल इतकं कोमट होऊ द्या, साधारण ४० ते ४५ अंश. त्यात एक छोटा चमचा विरजण घोळून मिसळा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या घरात ओट्यावर चार-पाच तासांत दही लागतं. लागलं की लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर संध्याकाळपर्यंत आंबून पाणी सुटतं. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत, आठ-दहा तास लागतात. तेव्हा भांडं जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून कणकेच्या डब्याशेजारी ठेवा.

दूध जास्त गरम असताना विरजण घातलं तर जिवाणू मरतात आणि सकाळी दूध तसंच असतं. दही तार सुटल्यासारखं चिकट झालं तर विरजण बिघडलंय किंवा जास्त पडलंय. ते विरजण पुढे चालवू नका, नवीन आणा. गुलाबी, हिरवट डाग किंवा कडू चव आली तर वरचा थर काढून खालचं खाण्याचा मोह नको, सगळं टाका. दोन-तीन दिवसांत संपवा. फार आंबलेल्या दह्यात आम्लता वाढून जिवाणूच कमी होत जातात, त्यामुळे "जास्त आंबट तेवढं गुणकारी" हे खरं नाही.

अँटिबायोटिक चालू असेल तर वेळ सांभाळा. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या दह्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि रक्तात कमी उतरतात. गोळी आणि दही यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी सकाळी आठला घेतली तर दही दुपारच्या ताटात.

दुधाची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी दही खाऊ नये. किडनीच्या आजारात डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा. दुधाने पोट फुगणाऱ्या बऱ्याच जणींना दही मात्र सोसतं, थोड्यापासून सुरुवात करा.

पायरी पाचवी: दही आत लावू नका

थंड दही लावलं की क्षणभर आग शमते, म्हणून हा उपाय टिकून आहे. पण घरच्या दह्यात दुधातली साखर उरलेली असते, त्यात कुठकुठले जंतू आहेत हे आपल्याला माहीत नसतं, आणि खाजवून चिरा पडलेल्या जागी आपण ते चोपडतो. शिवाय दुसऱ्या दिवशी तपासायला गेलं तर डॉक्टरांना खरा स्राव दिसतच नाही. इजिप्त आणि इराणमध्ये दही-मधाचं मिश्रण आतून वापरून छोटे अभ्यास झाले आहेत, पण ते मिश्रण वैद्यकीय देखरेखीखाली, ठरावीक प्रमाणात वापरलेलं होतं. आपल्या ओट्यावरच्या भांड्यातलं दही त्याच्या जोडीला बसत नाही. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांनी तर हे अजिबात करू नये.

लसूण, लिंबाचा रस, अँटिसेप्टिकचं पाणी, सुगंधी वॉश, पिचकारीने आतून धुणं, यांतलं काहीही नको. योनीमार्ग स्वतःची सफाई स्वतः करतो. बाहेरून साधं कोमट पाणी पुरे.

पायरी सहावी: घाम, ओल आणि कपडे

"उष्णता झाली, म्हणून पांढरं जातं" असं घरोघरी म्हणतात. उन्हाळ्यात त्रास वाढतो हे निरीक्षण बरोबर आहे, कारण मात्र पोटातली उष्णता नसून मांड्यांमधला घाम. मागावर आठ-दहा तास उभं राहायचं, नाहीतर शिलाई मशीनवर बसून गणवेश शिवायचे, अंगात नायलॉनची चड्डी, त्यावर सिंथेटिक परकर किंवा घट्ट लेगिंग. ती ओल दिवसभर सुकत नाही. सुती, थोडी सैल चड्डी घाला. जमलं तर दुपारी बदलायला एक जास्तीची पिशवीत ठेवा. रात्री झोपताना चड्डी घातली नाही तर उत्तम.

आतले कपडे वाळवण्याची तऱ्हा हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. लाजेने चड्डी टॉवेलखाली झाकून, आतल्या खोलीच्या दोरीवर वाळत घातली जाते. जाड टॉवेलखाली ती दमटच राहते आणि सकाळी तशीच अंगात जाते. सोलापूरला एका गोष्टीची कमतरता नाही, ती म्हणजे ऊन. गच्चीवर, उघड्यावर, उलटी करून वाळवा. पाणी काही दिवसांआड येतं म्हणून खळबळणं एकदाच होतं, तेही समजू शकतं. पण आतल्या कपड्यांना तरी दुसरं पाणी दाखवा. शिवणीत राहिलेल्या पावडरीनेही खाज सुटते आणि ती यीस्टसारखीच वाटते.

पायरी सातवी: परत परत होत असेल तर

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात आणि त्याचा उपचार वेगळा असतो. फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, आणि मग आठवड्यातून एक, सहा महिने. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्याआधी स्रावाचं कल्चर करून, म्हणजे त्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून, तिची जात बघायला सांगा. कँडिडा ग्लॅब्राटा नावाची जात फ्लुकोनॅझोलला पुष्कळदा दाद देत नाही. अशा वेळी डॉक्टर कधी बोरिक अ‍ॅसिडच्या आत ठेवायच्या कॅप्सूल देतात. त्या चुकूनही तोंडाने घेऊ नका, विषारी असतात, आणि घरात मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नका.

साखर तपासा. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, दोन्ही. वारंवार होणारी खाज ही कित्येकींच्या मधुमेहाची पहिली खूण असते. मधुमेह आधीच माहीत असेल तर औषधांची पट्टी बघा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, आणि त्या गोड लघवीमुळे तिथे बुरशी माजते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना हा त्रास नक्की सांगा. लाजेने तो मधुमेहाच्या डॉक्टरांपुढे निघतच नाही, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना गोळीची कल्पना नसते.

नवऱ्याला काही त्रास नसेल तर यीस्टसाठी त्याला औषध लागत नाही. त्याच्याही जागी लाली, खाज असेल तर दोघांनी दाखवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने खुणा करा: पाळीला एक खूण, खाजेला दुसरी, अँटिबायोटिक घेतलेल्या दिवसांना तिसरी, आणि ज्या दिवशी दही खाल्लं तिथे एक टिंब. त्या पानांचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. खाज दरवेळी पाळीच्या आधी येते की गोळ्यांच्या कोर्सनंतर, हे त्यांना त्यावरून लगेच कळतं, आणि टिंबांनी काही फरक पडला की नाही, हे तुम्हालाही.